फॉरेनचा वजनकाटा

“एकोणतीस! अक्का, एकोणतीस किलो!”

परळी स्टेशनच्या फलाटावर लाल-पिवळे दिवे लुकलुकणारं वजनाचं यंत्र उभं होतं. त्यावरून महारुद्रने टुणकन खाली उडी मारली आणि हातातलं पुठ्ठ्याचं तिकीट आपल्या बहिणीच्या, कावेरीच्या नाकासमोर नाचवलं. “आन् मागं भविष्य बघ! ‘लवकरच मानसन्मान लाभेल.’ म्हंजे सोन्याचं पदक पक्कं!”

“बे, ते सगळ्यालाच निघतंय!” विश्वेश्वर म्हणाला. “मागच्या साली मला बी हेच निघालतं. दुसऱ्याच दिवशी गणितात सात मार्क पडले!”

स्वप्नाली खळखळून हसली. त्यांचे कराटेचे बद्रीनाथ सरही हसले. कावेरी तेवढी हसली नाही. स्वप्नाली हसत असली की कावेरीला आपोआप हसू येत नसे.

दिवाळीच्या सुट्ट्या चालू होत्या. साल होतं १९९६. घाटनांदूरच्या शाळेच्या मैदानावर बद्रीनाथ सरांनी जूनपासून कराटेचा वर्ग सुरू केला होता, आणि आज त्या वर्गातली ही चार मुलं सकाळच्या पॅसेंजरने परळीला आली होती. आयुष्यातली पहिली स्पर्धा!

वर्गात नाव घालणारी पहिली मुलगी कावेरी. दोन महिने ती एकटीच मुलगी होती. सर म्हणायचे, “पोरांनो, कावेरीकडून शिका!” मग ऑगस्टमध्ये स्वप्नाली आली. मळ्यातल्या वस्तीवरून रोज दोन किलोमीटर पळत यायची, तशीच धापा न टाकता रांगेत उभी राहायची. महिन्याभरात तिची लाथ कावेरीच्या डोक्याच्याही वर जाऊ लागली. दोघींना पिवळा बेल्ट एकाच दिवशी मिळाला. कावेरीचा पांढरा ड्रेस लातूरच्या दुकानातून आणलेला होता, स्वप्नालीचा तिच्या आईने मांजरपाटाचा घरी शिवलेला. तरी तो तिच्याच अंगावर जास्त शोभतो असं कावेरीला वाटे, आणि मग दिवसभर तिचं कशात लक्ष लागत नसे.

आज गाडीतही तेच झालं होतं. स्वप्नालीने आणलेल्या धपाट्यांवर सगळे तुटून पडले. कावेरीच्या आईने दिलेल्या दशम्या डब्यात तशाच राहिल्या. सख्ख्या भावानेसुद्धा धपाटेच खाल्ले. तेही तीन!

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. दारावर केबलवाल्याचा भलामोठा कापडी फलक फडफडत होता: ‘सुवर्णपदक विजेत्यांच्या मुलाखती आज संध्याकाळी आमच्या केबलवर!’

“टीव्हीवर!” विश्वेश्वरने डोळे मोठे केले.

“आणि सुवर्णपदकवालेच जानेवारीत औरंगाबादच्या मोठ्या स्पर्धेला जाणार,” सर म्हणाले. “चला, आधी वजनं करून घ्या. मी पंचांच्या बैठकीला जातो. अकरा वाजता लढतींची यादी लागेल. एकदा यादी लागली की बदल नाही, लक्षात ठेवा.”

कावेरी आणि स्वप्नाली, दोघी तेरा वर्षांच्या. दोघी पस्तीस किलोखालच्या गटात. म्हणजे एकमेकींशी गाठ पडणारच!

हॉलच्या कोपऱ्यात फरशीवर एक चकचकीत पांढरा वजनकाटा ठेवला होता. त्याच्या काचेआड तबकडी गरगर फिरायची. शेजारी संयोजक विजयसिंहराव उभे होते. अंगात सफारी, डोक्यावर चढवलेला काळा चष्मा.

“सिंगापूरचा हाय!” ते रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होते. “मेव्हण्यानं आणलाय. फॉरेनचा माल! एक ग्रॅम इकडचं तिकडं होत न्हाई.”

रांगेत स्वप्नाली पुढे होती. ती अचानक मागे वळली. “कावेरी, तू हो म्होरं. माझ्या बेल्टची गाठ सुटलीय.”

आली मोठी दानशूर! कावेरी मनात म्हणाली आणि काट्यावर चढली.

“चौतीस,” वही घेतलेल्या स्वयंसेवकाने लिहिलं. “पस्तीसखालचा गट. पुढचा!”

“अरे थांब, थांब!” विजयसिंहराव एकदम ओरडले. “फरशीवर कावून ठेवला रे काटा? खाली ओरखडे पडत्याल न्हाई का! तो स्टेजवरचा गालिचा आण. घडी घाल चांगली, जाड. त्याच्यावर ठेव.”

तेवढ्यात हॉलच्या मधोमध एका तपकिरी बेल्टवाल्या दादाने हाताच्या एका फटक्यात पाच कौलं फोडली. सगळी रांग माना वळवून टाळ्या पिटू लागली. स्वप्नाली खाली बसून बेल्ट बांधत होती. गालिचा आला, काटा त्यावर चढला, आणि विजयसिंहराव चहाला गेले. मुलांपैकी हे सगळं पाहिलं ते पिशवी आवरत बाजूला उभ्या असलेल्या एकट्या कावेरीने.

स्वप्नाली काट्यावर उभी राहिली.

“छत्तीस. वरचा गट. पस्तीस ते चाळीस.”

“छत्तीस? दादा, पुन्ना बघा की!”

“पुन्हा काय बघायचं? फॉरेनचा काटा हाय. पुढचा!”

पुढचा महारुद्र होता. “एकतीस. तीसच्या वरचा गट.” त्याच्यामागे धर्मापुरीच्या दोन मुली. त्यांचीही वजनं जास्त भरली. त्यातली धाकटी तिथेच मुसमुसू लागली.

कावेरी जागच्या जागी उभी होती. घाटनांदूरला तिच्या अप्पांचं किराणा दुकान होतं. तागडी लावायच्या आधी अप्पा खालची फळी रोज हाताने दाबून बघत. डगमगली तर तिथे तागडी लावतच नसत. गालिच्यात रुतलेल्या काट्याकडे बघताना कावेरीला ते लख्खकन आठवलं. आणि तिने ते आठवलेलं पटकन मागे ढकललं.

स्वप्नाली वरच्या गटात. म्हणजे सोनं आपलं! केबलवर आपण, औरंगाबादला आपण. आणि सर पुन्हा म्हणणार, कावेरीकडून शिका! तिला खूप दिवसांनी इतकं हलकं वाटलं.

“अक्का, हे काय तरी गडबड हाय,” महारुद्र पाण्याच्या टाकीजवळ सगळ्यांना गोळा करून म्हणाला. त्याने खिशातून स्टेशनवरचं तिकीट काढलं. “आठला एकोणतीस. साडेनऊला एकतीस. धपाटे तर त्याच्या आधीच गाडीत खाल्लते. नुसत्या हवेनं दोन किलो वाढतंय व्हय?”

“कारस्थान!” विश्वेश्वर कुजबुजला. “ते पाटोद्याचे मिशावाले सर बघितले? काट्याला चिकटूनच उभे व्हते. मागून पायानं दाबला असंल! आपली पोरं वरच्या गटात गेली की त्यांच्या पोरींचं काम सोपं!”

“चल, पाळत ठेवू!”

दोघे मिशावाल्या सरांच्या मागे लागले. सर इकडेतिकडे बघत कार्यालयाच्या मागे गेले. दोघे भिंतीला चिकटून सरकले. सरांनी हळूच खिशात हात घातला... आणि एक छोटा आरसा काढला! मग एक कंगवा! आणि पाच मिनिटं ते मिशा विंचरत बसले.

“हात्तिच्या!” विश्वेश्वर कपाळाला हात लावून परतला. “तिथं तर नुसत्या मिशाच हायेत!”

महारुद्रने कावेरीला गाठलं. “अक्का, तू तर काट्याजवळच व्हतीस. तुला काई दिसलं का?”

“न्हाई,” कावेरी म्हणाली.

भावाशी ती रोज भांडायची, त्याला चिमटे काढायची, त्याच्या गोट्या लपवायची. पण तो असा सरळ डोळ्यांत बघून विचारत असताना ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. तो मान हलवून निघून गेला. त्याने लगेच विश्वास ठेवला, हेच तिला टोचलं.

बाहेर मांडवात गलका चालला होता. स्वप्नाली कार्यालयाभोवती पळत होती. ड्रेसवर तिने आपला आणि विश्वेश्वरचा असे दोन स्वेटर चढवले होते. ऊन चढलं होतं. तिचे केस कपाळाला चिकटले होते. धर्मापुरीच्या दोघी पायरीवर बसून ओरडत होत्या, “पळ गं, पळ! आणखी एक चक्कर!”

बघा, इथंही सगळे तिच्याच बाजूने, कावेरीला वाटलं. पण या वेळी त्या वाटण्यात नेहमीसारखा जोर नव्हता.

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पाटोद्याची गंगासागर सराव करत होती. एकोणचाळीस किलोची, स्वप्नालीपेक्षा हातभर उंच. समोर गादी धरून उभे असलेले तिचे मिशावाले सर तिच्या प्रत्येक लाथेला दोन पावलं मागे ढकलले जात होते. धप्! धप्! आता स्वप्नालीला हिच्याशी लढावं लागणार होतं.

स्वप्नाली थांबली. वाकून गुडघ्यांवर हात टेकले. ओठ पांढरे पडले होते. कावेरी नकळत पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढे गेली.

“नको,” स्वप्नाली धापा टाकत म्हणाली. “पाण्यानं बी वजन वाढतंय. आजून एकदा करा म्हणून इनवणी करणार हाय मी.”

“आन् न्हाई केलं तर?”

“तर तू आन की सोनं. घाटनांदूरलाच येईल ना.”

कावेरीला भयंकर राग आला. ही इतकी चांगली का वागते? “तुला कुणाचा राग येत न्हाई का गं?”

“कुणाचा येऊ? माझंच वजन वाढलंय. दिवाळीत लई करंज्या खाल्ल्या.” स्वप्नालीने घाम पुसला. “आईनं तीन दिवस बसून ड्रेस शिवला, आन् मी करंज्या खात बसले.”

“न्हाई वाढलेलं तुझं वजन!”

कावेरी इतक्या जोरात बोलली की पायरीवरच्या मुलीसुद्धा वळून बघू लागल्या. महारुद्र आणि विश्वेश्वर धावत आले.

“माझं वजन झाल्यावर त्यांनी काटा उचलून गालिच्यावर ठेवला,” कावेरी खाली बघत म्हणाली. “जाड घडीवर. त्याच्यामुळं चुकतंय ते. मी बघितलं व्हतं.”

स्वप्नालीने हळू आवाजात विचारलं, “कवा बघितलंस?”

“तू काट्यावर चढायच्या आधी.”

“म्हंजे मी तासभर पळायलेय, आन् तू बघत उभी व्हतीस?”

महारुद्र तिच्याकडे असा बघत होता, जणू ही कुणी दुसरीच मुलगी आहे. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

“भांडणं मागून करा गं!” विश्वेश्वर ओरडला. “अकराला ईस मिनटं हायेत. आधी काटा!”

चौघे हॉलमध्ये धावले. विजयसिंहराव आता काट्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

“काका, आमची वजनं पुन्हा करा!” महारुद्रने तिकीट पुढे केलं. “हे बघा, एकोणतीस!”

“हे? रेल्वेचं डबडं!” विजयसिंहराव हसले. “आन् हा फॉरेनचा काटा! चला, पळा. चार पोरं म्हणत्यात म्हणून मी काटा चुकीचा म्हणू?”

“पण काका, गालिचा...”

“पळा म्हणलं ना!”

चौघे बैठकीच्या खोलीच्या दाराशी आले. सर अजून बैठकीतच होते. दरवाजा बंद. आता?

कावेरी विचार करत होती. तिच्या अप्पांच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक दुसऱ्याचं वजन चुकलं तर कधी बोलत नसे. स्वतःचं चुकलं की मात्र आकाशपाताळ एक करी. तिचे डोळे चमकले.

“रुद्र्या, त्यांचं स्वतःचं वजन करायला लाव,” ती म्हणाली. “पण ते आपणहून चढले पायजेत. आन् सगळ्यांच्या म्होरं!”

महारुद्रला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो हॉलच्या मधोमध गेला आणि खणखणीत आवाजात विश्वेश्वरला म्हणाला, “आपली पैज! काकांचं वजन शंभर!”

“एकशेपाच!” विश्वेश्वर त्याहून मोठ्याने ओरडला.

मुलंमुली खिदळत गोळा झाली. विजयसिंहराव ताडकन उठले. “कोण शंभर? ऐंशी! फक्त ऐंशी! रोज पहाटं चार किलोमीटर चालतो मी. कालच ह्याच काट्यावर घरी बघितलंय!”

“ऐंशी?” विश्वेश्वरने त्यांच्या पोटाकडे बघत मान हलवली. “न्हाई वाटत बुवा.”

“न्हाई वाटत? बघ, बघ मग!”

विजयसिंहरावांनी बूट काढले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि काट्यावर चढले. तबकडी गरगर फिरली. थांबली.

“पं-च्याऐं-शी!” पन्नास मुलांनी एका सुरात वाचलं.

“काय?” विजयसिंहराव वाकून बघू लागले. “पंच्याऐंशी? हॅट्! काटा चुकतोय! साफ चुकतोय!”

“काय म्हणालात, विजयसिंहराव?”

मागे मुख्य पंच राधाकिशन सर उभे होते. पांढरे केस, काळा बेल्ट, हातात लढतींची यादी. त्यांच्यामागे बद्रीनाथ सर. बैठक संपली होती.

कावेरी पुढे झाली. “सर, काटा न्हाई चुकत. जागा चुकतीय. आधी तो फरशीवर व्हता, तवा बरोबर व्हता. मग गालिच्यावर ठेवला.”

“घरी कुठे ठेवता हा काटा?” राधाकिशन सरांनी विचारलं.

“फरशीवरच,” विजयसिंहराव पुटपुटले.

राधाकिशन सरांनी स्वतः काटा उचलला आणि फरशीवर ठेवला. “चढा.”

तबकडी फिरली. थांबली. बरोबर ऐंशी!

“बघा! म्हणलं न्हवतं? ऐंशी!” विजयसिंहराव आनंदाने ओरडले, आणि मग आपण काय सिद्ध केलं ते लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाले. सगळा हॉल हसून लोटपोट झाला.

राधाकिशन सरांनी हातातली यादी फाडली. “सगळ्यांची वजनं पुन्हा होतील. स्पर्धा अर्धा तास उशिरा सुरू होईल.”

महारुद्र एकोणतीस भरला. धर्मापुरीच्या दोघी आपल्या गटात परत गेल्या. स्वप्नालीचा काटा चौतीसच्याही जरा अलीकडेच थांबला. ती काट्यावरून उतरली आणि आधी दोन तांबे पाणी प्यायली. कावेरीशी मात्र ती एक शब्दही बोलली नाही.

आणि दुपारी तीन वाजता पस्तीस किलोखालच्या गटाच्या अंतिम लढतीत समोरासमोर उभ्या राहिल्या कावेरी आणि स्वप्नाली!

“हाजिमे!” पंचांनी सुरुवातीची आरोळी दिली.

कावेरीने पहिल्याच झटक्यात छातीवर ठोसा लावला. एक गुण! स्वप्नालीने लगेच परत केला. कावेरी बाजूला सरकली, खाली वाकली, पुन्हा ठोसा. दोन-एक! तिला स्वतःचाच विश्वास बसेना. स्वप्नाली रागात होती, त्यामुळे तिच्या लाथा हुकत होत्या. शेवटचं अर्धं मिनिट उरलं. मग स्वप्नालीने एकदा डोळे मिटले, श्वास सोडला, आणि तिचा सगळा राग कुठे गेला कुणास ठाऊक. सप्! लाथ कावेरीच्या कानाशेजारी येऊन बरोबर एका बोटावर थांबली. लागली नाही. डोक्याशी अशी आवरून धरलेली लाथ म्हणजे दोन गुण!

तीन-दोन. शिट्टी वाजली. संपलं!

कावेरीने कमरेत वाकून नमस्कार केला. तिला रडू येत होतं. ती हरली होती, आणि स्वप्नाली जिंकली होती. सकाळी गप्प राहिली असती तर आत्ता गळ्यात सोनं असतं. हा विचार तिच्या मनात आला. आला तसा तिने तो येऊ दिला. पण ती लाथ बघितल्यावर तिला हेही कळलं की तसल्या सोन्याकडे तिला रोज बघवलं नसतं.

बक्षीस समारंभात राधाकिशन सरांनी माइक हातात घेतला. “आज काही मुलं आमच्या चुकीमुळे भलत्याच गटात लढली असती. कुणाला तरी जबर दुखापतही झाली असती. गालिचा आम्हा सगळ्या मोठ्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण तो पाहिला मुलांनी. घाटनांदूरच्या चौघांनी पुढे यावं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. विजयसिंहरावांनी स्वतः चौघांच्या गळ्यात हार घातले. “चुकलं बाबा माझं,” ते मोकळेपणाने म्हणाले. “फॉरेनच्या नादात खालची फरशी इसरलो!”

“पहिल्यांदा कुणी ओळखलं?” राधाकिशन सरांनी विचारलं.

महारुद्रने बहिणीकडे बोट केलं.

“मी,” ती म्हणाली. “पण सर, मी तासभर गप बसले व्हते. स्वप्नाली माझ्या गटात येऊ नये म्हणून.”

माइक चालूच होता. सगळ्या हॉलने ते ऐकलं. बद्रीनाथ सरांनी मान खाली घातली.

“तासभर उशीर केलास, ते वाईटच,” राधाकिशन सर म्हणाले. “तिला उन्हात पळावं लागलं, त्याची माफी तू तिच्याकडेच माग. पण मी पंधरा वर्षं पंच आहे, बेटा. आपल्याला हरवू शकणारीला आपल्याच गटात परत आणणारी मुलगी मी आज पहिल्यांदा बघितली. शाब्बास!”

बद्रीनाथ सरांनी मान वर केली. त्यांनी कावेरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी पाचच्या गाडीत महारुद्र आणि विश्वेश्वर हार घालूनच बसले होते आणि डब्यातल्या प्रत्येकाला पंच्याऐंशी किलोची गोष्ट सांगत होते. स्वप्नाली खिडकीपाशी. केबलवाल्यांनी तिची मुलाखत घेतली होती. कावेरी तिच्यासमोर येऊन बसली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

स्वप्नाली बाहेर बघत राहिली.

“आन् खरं सांगू? मला आजून बी तुझा राग येतोय. तुझ्या लाथेचा, धपाट्यांचा, सगळ्याचाच.”

“मला बी तुझा येतोय,” स्वप्नाली खिडकीकडेच बघत म्हणाली. “माझे पाय ठणकायलेत.” तिने पोटरी चोळली. “तुझे दोन ठोसे कसे लागले, मला कळलंच न्हाई. औरंगाबादला असलं कुणी समोर आलं तर मी काय करू? मला सरावाला तूच पायजेस. उद्या सहाला मैदानावर ये.”

उद्या सहाला. म्हणजे ही साडेपाचलाच येऊन अंग मोकळं करत बसणार, हे कावेरीला पक्कं ठाऊक होतं.

“मी सव्वापाचला येणार हाय,” ती म्हणाली.

स्वप्नालीने खिडकीतून मान आत वळवली आणि गालिच्याची गोष्ट कळल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

“मग मी पाचला!”